भिकुबाईचा पाय

छगन अंगणातल्या गोणपाटावर पालथा पडला होता. भिकुबाईने उजवा पाय उचलला आणि त्याच्या कमरेला न लावताच खाली घेतला. दारात त्याची एकच चप्पल दिसत होती.

"दुसरी कुठं शे रे?"

छगनने मान वळवून पाहिलं. डाव्या पायातली चप्पल कधी गळाली, त्याला कळलंच नव्हतं.

छगन साक्रीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलतो. कमरेतून वाकून, एका झटक्यात, सगळेच उचलतात तशा. कंबर धरली की हमाल भिकुबाईकडे येतात. ती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं इथं सगळे मानतात. नवरा गेल्यावर भिकुबाई माहेरी परतली ती या पायाच्या जोरावर. भावजयसुद्धा आधी तिला वाढायची. पण रोज सकाळी कुणी ना कुणी अंगणात पालथं पडलेलं असायचं, आणि अलीकडे ती फार दमायची.

धुळ्यात फिजिओथेरपी करणाऱ्या भाचीने, चारुलताने, तिला दिवाळीत समजावलं होतं. दोन मणक्यांमध्ये गादी असते. ती फाटली की आतला गर बाहेर येऊन नस दाबतो. बहुतेकांचं दुखणं जपून हिंडतं-फिरतं राहिलं की आपोआप उतरतं. पण पाय बधिर पडला, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना. उशीर झाला तर पाय कायमचा जातो.

भिकुबाईने छगनच्या बायकोला, कुंदाबाईला, बाजूला घेतलं.

"लघवीले गया का हाऊ?"

"रातपासून नही."

"मंग याले आत्तेच धुळाले ली जा. मोठा दवाखानामा."

"दवाखाना मांगून," छगन पडल्या पडल्या बोलला. "मांगला साले तूच उभा करा ना माले, आक्का. एक डाव पाय ठेव. तवलगून मी उठाव नही."

जीपवाला झुलाल कुंपणाशी उभा होता. "आक्काना भाव वाढी गया," तो हसला.

भिकुबाई पायरीवर बसली.

"ऐक छगन. मी पायाळू नही शे. माले मान मिळाले पाहिजे म्हनीसन मायनी गोष्ट उठाडी. मना पायमा काहीच नही."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तशीच आत वळली.

"इतला वरीस फसाडं आमले," छगन म्हणाला आणि त्याने झुलालपुढे हात केला.

झुलाल आणि कुंदाबाईने त्याला उचलून जीपमध्ये आडवं केलं. कुंदाबाईने जाताना भिकुबाईकडे पाहिलं नाही. जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली.

ओट्यावर गावची जुनी सुईण बेबाबाई तूरडाळ निवडत बसली होती. भिकुबाईच्या वेळचं तिच्या आईचं बाळंतपण तिनेच केलं होतं. तिने सूप खाली ठेवलं.

"भिकू, असं कसं बोलनी तू? तुना पायच पहिले मना हातमा उनात."

"माले ठाऊक शे, मावशी," भिकुबाई म्हणाली. "पन जरा हळू बोल. त्याले समजनं ते अर्धा रस्तातून परत येई."