उरलेली जागा

पहिला क्रमांक उभा राहिला, "अर्थखातं" म्हणाला आणि बसला. दुसऱ्यानेही तेच केलं. बडे सरकारी अधिकारी घडवणाऱ्या या शाळेची रीतच तशी होती. निकालाच्या क्रमाने नाव पुकारायचं आणि ज्याने त्याने भर सभेत आपली जागा मागायची.

ओंबलीन शेवटच्या बाकावर बसली होती. तिचा क्रमांकही शेवटचाच.

"तोंडी परीक्षेत तू म्हणे गप्पच बसलीस?" तिबोने हळूच विचारलं. त्याचा क्रमांक तिच्या आधीचा. "अगं, आम्हाला शिकवायचीस तू."

"सुचलंच नाही काही."

बघता बघता दोनच जागा उरल्या. पॅरिसमधलं वजनमापं खातं, नाहीतर डोंगरातल्या सँ-ओर्लचं उपजिल्हाधिकारीपद.

"सँ-ओर्ल काय वाईट?" तिबो म्हणाला. "रोज बर्फात घसरायला मिळेल."

"बर्फ कुठला? नुसतं धुकं. संध्याकाळी सातनंतर कुत्रंसुद्धा भुंकत नाही म्हणे."

तिबो तिच्याकडे बघत राहिला. "दुसरी कोणी असती तर तिने डोंगराचं कौतुक करून मला तिकडे पिटाळलं असतं. तू मुलखाची सरळ आहेस बघ."

त्याचं नाव आलं. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "पॅरिस." बसताना त्याने ओरडा खाल्लेल्या मुलासारखी मान खाली घातली.

"सँ-ओर्ल," ओंबलीन म्हणाली. सभागृहाने दयेने टाळ्या वाजवल्या.

बाहेर येऊन तिने वडिलांना फोन लावला.

"तीन पिढ्या अर्थखात्यात काढल्या आपण," ते म्हणाले. "पहिल्या पाचांत आली असतीस, तर त्या गावाचं नाव तरी काढू दिलं असतं का मी?"

"नसतं दिलं, बाबा."

"आता काय इलाज? उरलं ते घ्यायचं."

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सँ-ओर्लला बसमधून उतरली. छपरांवरचा बर्फ उन्हात चकाकत होता, धुक्याचा मागमूस नव्हता. कोणालाही पत्ता न विचारता ती चौकातल्या बेकरीच्या मागच्या दाराशी गेली आणि आपल्या जुडग्यातली किल्ली लावून आत शिरली.

मातियास कणीक मळत होता. त्याने वर पाहिलं.

"कितवी?"

"शेवटची," ती म्हणाली. "तिबोने जवळजवळ हरवलंच होतं मला."