काकांची परीक्षा

"मॅडम, हा पंप एवढा का हो थरथरतो?"

शेजारच्या टेबलावर नव्याने येऊन बसलेल्या काकांनी पहिल्याच दिवशी तिला विचारले. पांढरे केस, दोरीला लोंबणारा चष्मा, बोटांवरची नसलेली धूळ झटकण्याची सवय. तिला स्वतःला पंपांच्या या कारखान्यात रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. जिच्या हाताखाली शिकायचे, ती इंजिनिअर बाई नोकरी सोडून गेलेली. सहा महिन्यांत जम बसला नाही, तर घरचा रस्ता. आणि आता हे काका, नक्कीच तिला जोखायला पाठवलेले. वर 'मॅडम' म्हणण्याचा टोमणा!

"उद्या सांगते," ती म्हणाली, आणि तडक फिटरमामांकडे गेली.

"वाट चुकलीस का गं?" मामा हसले. "इंजिनिअर लोक इकडे फिरकत नाहीत. ठेव हात. पायाचा बोल्ट ढिला आहे. अंगात आल्यासारखा नाचणारच तो!"

काकांचे प्रश्न मारुतीच्या शेपटासारखे वाढत गेले. एकेका प्रश्नापायी ती एकेका दारात उभी राहिली, आणि प्रत्येक दारामागे एक माणूस उजळत गेला. ड्रॉइंगवाल्या ताई तिच्यासाठी खुर्ची राखू लागल्या. 'झटका' नावाने प्रसिद्ध असलेला वायरमन लांबूनच ओरडे,

"आज काय काढलं काकांनी?"

"पाण्याशिवाय पंप चालवला तर?"

"चालवा म्हणावं! पंप जळून पगार कापला की आपोआप कळेल."

काका उत्तर डोळे मिटून ऐकत, "वा!" म्हणत, बोटे झटकत. गुण किती दिले, हे मात्र कधी कळू देत नसत.

सहा महिने सरले. साहेबांनी दोघांना एकदमच बोलावले. दाराशी काका घाम टिपत पुटपुटले, "मॅडम, काही चुकलं असेल तर पोटात घाला."

म्हणजे अहवाल वाईट दिला तर!

"बसा," साहेब तिला म्हणाले. "अख्खा कारखाना तुमचं नाव घेतो. आजपासून तुम्ही कायम."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारले. कृतज्ञतेने ती काकांकडे वळली. ते अजून उभेच होते, नजर स्वतःच्या बुटांवर.

"आता यांचं बोला," साहेब म्हणाले. "जन्मभर शाळेत गणित शिकवलं, इंजिनिअरिंगची पदवी गेल्या वर्षीची. म्हणतात, इथलं जे काही येतं ते मॅडमनी शिकवलं. काय करू, ठेवू का तुमच्या शिष्याला?"