कर्ता

बाटली उजेडाला धरली की पलीकडच्या खिडकीचे गज सरळ, स्वच्छ दिसायला हवेत. दिसत नव्हते. इन्सुलिनमध्ये बारीक पांढरे कण तरंगत होते आणि काही काचेला आतून चिकटून बसले होते. मुलीने बाटली तळहातावर घेतली. आत्ताच फ्रिजमधून काढली होती, तरी हाताला गार लागली नाही.

तिने फ्रिजमागे वाकून पाहिलं. प्लग जमिनीवर पडला होता.

“आई, हा फ्रिज...”

“श्श!” आईने बंद दाराकडे बोट केलं. “चालू आहे.”

दारामागे बाबा बोलत होते. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला इतिहासाच्या मास्तरांचा आवाज, माइकसाठी मुद्दाम खाली आणलेला. निवृत्तीनंतर त्यांनी पॉडकास्ट सुरू केला होता. संप, चळवळी, सुधारणा. दर आठवड्याला एक भाग. ऐकणारी माणसं लांबलांबून पत्रं लिहीत.

“‘जमिनी गेल्या’, ‘वस्त्या उठल्या’,” बाबा सांगत होते. “मित्रांनो, असं वाक्य कानावर आलं की थांबा आणि त्यातला कर्ता शोधा. जमिनी आपोआप जात नसतात. कुणीतरी नेतं.”

“फ्रिजची घरघर माइकला ऐकू येते म्हणे,” आई कुजबुजली. “पंख्याचीही येते. मिक्सरचं तर नावच काढू नकोस. परवा मला शिंक आली, तर यांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि तू ऐकून घेतलंस?”

“आवाज नसलेल्यांचा आवाज आहेत ना ते. मग घरात आवाज करून कसं चालेल?”

मुलीला हसू आलं नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिचा दिवस बाटल्या उजेडाला धरण्यातच जायचा. तिने खालचा कप्पा उघडला. दुसरी बाटली तशीच. तिसरीही. उन्हाळ्यात बंद पडलेला फ्रिज म्हणजे दार लावलेलं कपाट. उलट जरा जास्तच गरम.

“तू हेच टोचून घेतेयस?”

“मग काय करू? साखर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवायला सांगितला. वाढवला. तरी उतरत नाही. रात्री चार वेळा उठते, तहान भागत नाही.”

“आई, हे खराब झालंय. कितीही वाढवलंस तरी काय उतरणार?”

आईने ओट्यावरचा कोरडा भाग फडक्याने पुन्हा पुसला.

“तू चल माझ्याकडे,” मुलगी म्हणाली. “मागची खोली रिकामीच आहे. किती वर्षं सांगतेय.”

“बघू.”

“उन्हाळा गेल्यावर बघू, यांची ही मालिका संपल्यावर बघू. तुझं बघून कधी होणार आहे?”

“हळू बोल गं.”

दार उघडलं. बाबा घामाने निथळत होते, हेडफोन गळ्यात, चेहरा मात्र प्रसन्न. आतल्या खिडकीला त्यांनी दोन गोधड्या लावल्या होत्या.

“अरे वा, तू कधी आलीस? काय भाग झालाय आजचा!”

“बाबा, फ्रिज बंद आहे.”

“हो का?” त्यांनी वाकून पाहिलं. “अरेच्चा. मागच्या वेळीच लावायचा राहून गेला वाटतं.”

“राहून गेला? आणि या वाक्यातला कर्ता?”

आई फिसकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. बाबांनाही हसू फुटणार होतं, तेवढ्यात मुलीने बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग बायकोकडे पाहिलं. हळूच खुर्चीत बसले.

“हे असं... कधीपासून?”

“मला काय माहीत?” आई म्हणाली. “तुम्ही प्लग काढता, तुम्हीच लावता. मला हात लावू देता का त्याला? मध्येच आवाज सुरू होईल म्हणून.”

“चुकलंच माझं. आत्ता जातो आणि नवीन आणतो.” ते उठले. एक चप्पल पायात घातली आणि दुसरी घालता घालता थांबले. मुलीला ती नजर ठाऊक होती. शाळेत असताना त्यांना फळ्यासमोर काही सुचलं की ते असेच थांबायचे.

“यावर एक भाग व्हायला हवा,” ते म्हणाले. “घरातल्या बायकांची आजारपणं. कोण नोंद घेतं त्यांची? एकही इतिहासकार नाही.” ते आईकडे वळले. “तूच बोल ना माइकसमोर! आत्ता बोललीस ना, अगदी तसंच. फक्त ती खिडकी लावून घेऊ, रस्त्यावर फार गलका आहे.”

“बाबा!” मुलगी ओरडली. “आधी औषध आणा!”

“अगं, आणतोच आहे. पण ताजं असतं तेव्हाच...”

“पुरे,” मुलगी म्हणाली. “आई, मी तुझी बॅग भरते. आज घेऊनच जाते तुला.”

आई पुढे झाली. तिने प्लग लावला. फ्रिज एकदा थरथरला आणि घरघरू लागला. ती जरा वेळ त्याच्यापाशीच उभी राहिली. मग दोघांकडे वळून, कुजबुजायची सवय मोडावी लागल्यासारखं घसा साफ करून म्हणाली,

“माझी नको. यांची भर. तुझी ती मागची खोली शांत आहे, यांना बरी पडेल. मी इथेच राहणार.”