दोन आजारांची वाटणी

वाटणीत आईच्या शिलाई मशीनचं डोकं थोरल्याने आणि पायडल धाकट्याने नेलं होतं. आज तेच दोघे भाऊ वडिलांना, अण्णांना, मध्ये बसवून डॉक्टरांसमोर बसले होते.

"यांच्या मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांना एकदम दोन आजार झालेत," डॉक्टर म्हणाले. "एक साखरेमुळे, दुसरा सुजेचा. सुजेच्या औषधाने साखर वाढते, तेव्हा दोघांनी मिळून सांभाळा."

"साखरेचं मी बघतो," थोरला म्हणाला.

"मग सूज माझ्याकडे," धाकटा उसळला. "पण साखर वाढली तर मला विचारायचं नाही!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अण्णांचा चेहरा मात्र खुलला.

"बरं झालं, आजार दोन निघाले," ते डॉक्टरांच्या कानाशी पुटपुटले. "एकच असता, तर मला कुणी घरीच नेलं नसतं."