हुशार भांडं

सासऱ्यांच्या कारखान्यात जावईबापूंनी हट्टाने एक मशीन आणवलं. कुकरएवढं भांडं; त्यात स्विचची बटणं ओतायची, की ते थरथरत एकेक बटण सुलट करून रांगेने पुढे पाठवणार. सासरे एवढंच म्हणाले, "पांढरा हत्ती निघाला तर तुम्हीच पोसा."

पहिल्याच आठवड्यात, रांगेच्या शेवटी तपासणीला बसणाऱ्या मावशी काहीतरी सांगायला आल्या. जावईबापू खेकसले, "मावशी, मशीनला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही आपलं काम करा." मावशी गुमान जाऊन बसल्या.

दोन महिन्यांत एकही उलटं बटण पुढे गेलं नाही. भांडं जणू स्वतःच घडवलंय अशा थाटात जावईबापू आज सासऱ्यांना मशीनपाशी घेऊन आले. "बघा, चूक औषधालासुद्धा नाही! मग तपासायला माणूस हवाच कशाला? मावशी, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका."

"बरं साहेब," म्हणत मावशींनी हात मांडीवर ठेवले.

आणि समोरून आलेली चार उलटी बटणं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, सुलट न करता पुढे जाऊ दिली.