डॉक्टरांची तापलेली गाडी

दाभोळच्या खातू डॉक्टरांची जुनी मोटार एकदा तापली की अर्धा तास सुरू होत नसे. व्हिजिटला आले की सुई द्यायचे आणि गाडी निवेपर्यंत पेशंटच्या खाटेजवळच बसायचे. मग चहा व्हायचा, मासळीचे भाव निघायचे, मुंबईहून आलेलं पत्रसुद्धा डॉक्टरच वाचून दाखवायचे.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांनी गाडी माझ्या गॅरेजात आणली. आधीच्या दोन मिस्त्रींनी बॅटरी बदलून बघितली होती. मी बॉनेट उघडलं नि हसलोच. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तापल्या पाइपाला टेकली होती, आतल्या पेट्रोलची वाफ होत होती. नळी चार बोटं लांब बांधली, काम झालं. डॉक्टर जाम खूश!

पुढच्या आठवड्यात माझ्याच आईला ताप आला. डॉक्टर आले, सुई दिली नि पाच मिनिटांत गेले. आई माझ्यावरच उखडली. "धोंडू, मेल्या, बऱ्या गाडीला हात कशाला लावलास? आधी बसायचे रे ते!"

दुसऱ्या दिवशी सुई देऊन डॉक्टर बाहेर गेले. चावी फिरवून फिरवून दमले नि घाम पुशीत परत आत आले. "धोंडू, पुन्हा तेच रे!"

"मे महिना आहे डॉक्टर, तापणारच. बसा अर्धा तास," मी म्हटलं. आईनं लगेच उशाखालून दादाचं मुंबईहून आलेलं पत्र काढलं.

गाडीच्या कॉईलची वायर माझ्या खिशात होती.