वीतभर तडा

वाद्यं बांधून परगावी धाडण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तारा सैल करायच्या, तारा पेलणाऱ्या घोडीखाली मऊ फडकं सारायचं, खोक्यात खोकं बसवायचं आणि वर चिठ्ठी चिकटवायची: 'वाटेत तडा गेला, तर मी स्वतः येऊन दुरुस्त करीन.' तीस वर्षांत तशी वेळ एकदाही आली नव्हती. दूरच्या शहरात नांदणारी लेक तीन वर्षं "या ना राहायला" म्हणून विनवत होती, पण बाबांचं एकच, "दुकान कोण बघेल?"

यंदा तिनं आपलं लहानपणचं व्हायोलिन मागवून घेतलं. पोचल्या दिवशीच तिचा फोटो आला. व्हायोलिनच्या पोटावर वीतभर तडा!

बाबा भरल्या ताटावरून उठले. "माझ्या हातचं खोकं, आणि तडा?" त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, सरस आणि लाकूड आवळून धरायचे शिकंजे पिशवीत कोंबले.

आई म्हणाली, "लेकीनं बोलावलं तेव्हा पाय निघेना. लाकडानं हाक मारली, तर चप्पल घालायलाही थांबेनात!"

लेकीच्या घरी पाणीसुद्धा न पिता त्यांनी व्हायोलिन उजेडात धरलं, तड्यावरून हळूच अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला आणि तडा पुसला गेला. काजळाची पेन्सिल मुठीत दडवून लेक खिडकीबाहेर बघत होती.



बाबांनी अंगठा रुमालाला पुसला आणि आईला फोन लावला, "अगं, तडा फारच खोल आहे. पंधरा दिवस तरी जातील. शिकंजा धरायला माणूस लागेल, तूही ये."